गप्प बसण्याचा रिवाज

एकदा एक तांबटआळी होती. तिथे अमावास्येला हातोडे बंद असत. सगळे कारागीर गोल बसत, नव्या माणसानं घडवलेलं भांडं हातोहात फिरे आणि ज्याला जो दोष दिसे तो सांगे. वृद्ध आप्पा सर्वांत शेवटी बोलत. ते न बोलले, तर झालेलं बोलणं त्यांना मान्य आहे असं धरायचं, हा तिथला रिवाज.

एका अमावास्येला रखमानं आपली पहिली घागर आणली. तिच्या घराण्यात कुणी हातोडा धरलेला नव्हता. दाजीबा आळीतला सर्वोत्तम कारागीर. त्यानं घागर न पाहताच पुढे सरकवली. "चुलीपुढून उठून ऐरणीवर आलं की असंच व्हायचं," तो म्हणाला. "बाई, भाकऱ्या तरी गोल येतात का?" सगळे हसले. आप्पा गप्प राहिले.

बाहेर पडताना रखमानं आपला हातोडा आप्पांच्या शिष्याकडे दिला. "घे. मी आता येत नाही."

शिष्य थेट आप्पांपुढे जाऊन उभा राहिला. "तिच्याआधी चौघं असेच गेले. तुम्ही काय केलंत?"

"दाजीबाचा हात सोन्याचा आहे, बाळ."

"आणि त्या चौघांचे? पाहिलेत कधी? वय झालं म्हणजे शहाणपण आलं, असं तुम्हीच धरून बसलाय, आप्पा."

म्हातारी माणसं अशा वेळी चिडतात, नाहीतर आशीर्वाद देऊन विषय बदलतात. आप्पांनी यातलं काहीच केलं नाही. पुढच्या अमावास्येला त्यांनी रखमाला निरोप धाडला : घागर घेऊन एकदाच ये. ती आली. तेव्हा आप्पा आसनावरून उठले आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन बसले.

"तीन अमावास्या माझी जागा हीच. भांड्यांवर मी बोलणार नाही."

दाजीबा ओशाळला. "बोललो मी. शिक्षा तुम्हाला कशी?"

आप्पा म्हणाले, "तू बोललास ते तुझं मत होतं. मी गप्प बसून ते सगळ्या आळीचं केलं. पाच वेळा केलं. त्याला मी संयम समजत होतो. ती भीती होती, तू रुसशील याची. गप्प बसणं म्हणजे मान्यता, हा रिवाज आज संपला. भांड्याबद्दल हवं तितकं कठोर बोल. माणसावर घसरलास, तर त्या दिवशी उठून जायचं, पुढच्या अमावास्येला परत यायचं. हे मलाही लागू."

घागर फिरत दाजीबाकडे आली. त्यानं ती बराच वेळ हातात फिरवली.

"मागल्या वेळी मी ही पाहिलीच नव्हती," तो म्हणाला. "ठोके एकसारखे आहेत. काठ मात्र जाड राहिलाय."

"कुठं?" रखमानं विचारलं, आणि उठून त्याच्या शेजारी येऊन बसली.