ओढ्यापलीकडची धार

तंबोरे घडवणारी आमची घरं सगळी ओढ्याच्या या काठाला. पण पटाशी-वाकस बोथट झाली की कारागीर ओढा ओलांडून जातो आणि पलीकडे धार लावून येतो. पाणी छातीला लागलं तरी. या काठावर पात्याला दगड लावायचा नाही, अशी इथली रीत आहे.

आमचे वाडवडील मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. त्यांत दस्तगीरचं नाव मोठं होतं, असं सांगतात. गढीवरचा सरदार आपल्या माणसांच्या तलवारी त्याच्याकडेच धाडायचा. त्या कुणावर चालणार, हे दस्तगीरनं कधी विचारलं नाही.

एका साली गढीची भिंत ढासळली आणि वेठीला धरलेली माळवाडीची माणसं तिच्याखाली मेली. वाडीनं पुन्हा वेठीला यायचं नाकारलं. सरदारानं तलवारींना धार लावून घेतली आणि भर दुपारी माळवाडी कापून काढली. प्रेतं उचलायला आसपासची माणसं गेली, त्यांत दस्तगीरही होता. विहिरीच्या कडेला एक बाई पडली होती, खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलेली. लुगडंसुद्धा इतकं साफ कापलं होतं, की एक सूत ओढलं गेलं नव्हतं. दस्तगीरनं तो काप ओळखला. ती धार त्याच्या हातची होती.

दुसऱ्या दिवशी सरदार स्वतः आला. हाडांवर चालून तलवारी बोथटल्या होत्या आणि आता ओढ्यापलीकडच्या उंबरठाण गावावर चालून जायचं होतं. दस्तगीरनं धारेचं चाक उचललं, खडकावर आपटून फोडलं आणि शांतपणे म्हणाला, "या हातानं आता धार लागायची नाही."

सरदारानं त्याला काठावरच्या तुणीच्या झाडाला बांधायला लावलं आणि त्याच बोथट तलवारींनी तोडायला सांगितलं. तो लवकर मरेना. निम्मे घाव खोडावर पडत होते. वीज पडून ते झाड आतून पोकळ आणि कोरडं झालेलं. प्रत्येक घावाला ते घुमायचं म्हणे, आणि तो नाद ओढा ओलांडून उंबरठाणापर्यंत गेला. तिथली माणसं पोरंबाळं घेऊन खिंडीच्या वर चढून बसली.

सरदाराची माणसं खिंडीत शिरली तसे वरून लोकांनी धोंडे सोडले. मागोमाग कोयते-कुऱ्हाडी घेऊन गाव खाली उतरलं. बोथट तलवारींचं काही चाललं नाही. सरदाराचं डोकं धोंड्यानं ठेचलं गेलं.

दस्तगीरची बायको जुलेखा. नवऱ्याचं रक्त सांडलेल्या काठावर तिनं पुन्हा धार लागू दिली नाही. घावांनी झाड वाळलं, तेव्हा लोक सरपणाला न्यायला आले. ती आडवी उभी राहिली. "ते मरत होते तेव्हा त्यांच्यासाठी हे झाडच तेवढं बोललं," म्हणाली, "याला जाळू नका." तिच्या भावानं त्या लाकडाची दांडी घडवली, भोपळ्याला बसवली, तारा चढवल्या. तो आमचा पहिला तंबोरा.

आजही नवा तंबोरा जुळला की आधी या काठावर छेडतात. उंबरठाणचं कुणीतरी पलीकडे येऊन उभं राहतं. त्यानं "ऐकलं" म्हटल्याशिवाय तंबोरा गावाबाहेर जात नाही.