खिळ्यांचा पुतळा आणि मुखियाचं आसन

काँगो नदीकाठच्या एका गावात, फार पूर्वी, एक लाकडी पुतळा होता. गावात भांडण मिटलं की दोन्ही बाजू त्याच्यासमोर शपथ घेत आणि त्याच्या अंगात एक खिळा ठोकत. खिळा असेपर्यंत शपथ पक्की. शेजारी मुखिया माकायाचं कोरीव, चकचकीत आसन असे.

"काय हा अवतार!" आसन पुतळ्याला म्हणालं. "साळिंदर बरं दिसतं. उद्या पाहुणे येतील, आमची लाज काढाल!"

माकायालाही तसंच वाटलं. त्यानं सगळे खिळे उपटून फेकले आणि पुतळ्याला तेल चोपडलं. पाहुण्यांनी वाहवा केली.

ते जाताच माकायाचा धाकटा भाऊ लुसाला पुढे आला.

"दादा, मुखियापदावर हक्क सांगणार नाही, अशी शपथ मी घेतली होती. माझा खिळा दाखव बरं."

माकायानं बसल्या बसल्या पुतळ्याचं अंग चाचपलं; हाताला नुसती भोकं लागली.

"मग ऊठ त्या आसनावरून!" लुसाला म्हणाला.

दोघांच्या ओढाताणीत आसन कडाडलं आणि मधोमध चिरलं. सुतार आला.

"पुतळेदादा," आसन कण्हलं, "हा माझ्यात खिळा ठोकणार म्हणतोय हो!"

"घे ठोकून," पुतळा म्हणाला. "पुढचे पाहुणे येईपर्यंत तरी टिकेल."