करवंदीला आमंत्रण

रानातली जनावरं दुखण्याखुपण्याला रानातल्याच वैद्याकडे जात, त्या काळची ही गोष्ट. वैद्य होता एक साळिंदर. औषध खणायचं तर आदल्या संध्याकाळी झुडपाच्या बुडाशी अक्षता ठेवून आमंत्रण द्यायचं, असा त्याचा रिवाज.

"बाईसाहेब," तो उतारावरच्या करवंदीला म्हणे, "रानडुकराचं पोट बिघडलंय. उद्या आपल्या मुळीनं यायची कृपा करावी."

करवंदीला एरवी कोण विचारणार? ती काट्यांनिशी फुलून जाई. "एवढं म्हणताय तर येते बापडी!"

मग हरणाला ताप आला, तिचा पाला गेला. माकडाला पित्त झालं, फळं गेली.

शेजारची बोरी एकदा म्हणाली, "अगं, डुकराला मिळते घोटभर उगाळून. बाकीची मुळी वैद्यच कराकरा खातो."

"तुला कुणी बोलावत नाही म्हणून जळतेस!" करवंदी फणकारली.

होता होता तिचा नुसता खुंट उरला. घाबरून तिने वैद्याला बोलावलं. त्याने खुंट ठोकून पाहिला, डोळे मिटले आणि सांगितलं, "अशक्तपणा. यावर एकच औषध, करवंदीची मुळी."

"अहो, पण आता शेवटचीच राहिलीय!"

साळिंदराने वाद घातला नाही. बुडाशी अक्षता ठेवून तो अदबीने वाकला. "बाईसाहेब, एक रोगी फार अत्यवस्थ आहे. उद्या यायचं करावं."

करवंदीने उरलासुरला काटा सावरला.

"इतक्या मानानं बोलावताय," ती लाजत म्हणाली, "तर नाही कसं म्हणू?"