डिकीतली गोधडी

"तिला माहेरची ओढ नाहीच म्हणायची. असती, तर एकदा तरी नाव काढलं असतं. राहू दे रविवारचं जाणं. त्या रस्त्यावर ती डिकी नुसती डोकं उठवते."

सासूबाई हे आपल्या मुलाला सांगत होत्या. घरात नुकतीच आलेली सून नेमकी त्याच वेळी हातात चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होती. हे शब्द तिच्यासाठी नव्हते, म्हणून ती आल्या पावली स्वयंपाकघरात परतली. एव्हाना चहा निवला होता. तिने तो पुन्हा गरम केला, आणि या खेपेला बांगड्या जरा वाजवत बाहेर आणला.

सुनेचं नाव हेमांगी. रविवारी तिच्या थोरल्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. निमंत्रणाचा फोन सासूबाईंनाच आला होता, तेव्हा आपण वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं होतं. ती मुळात अबोल. घर वाईट नव्हतं, माणसं मायेची होती. ती गप्प आहे याचा अर्थ ती सुखात आहे, असा त्यांनी सोयीने लावून टाकला होता, आणि तो बराचसा खराही होता.

तिने वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं आणि गावातल्या एका वृद्ध वैद्यांकडे ती रोज सकाळी शिकायला बसत असे. सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. बुवांची एक रीत तिला कोड्यात टाकी. नवा रोगी आला की ते नाडी पाहण्याआधी म्हणत, "डॉक्टरांनी लिहून दिलेलं चालू ठेवा. बाकी शेजारपाजारचं, मेव्हण्याने सुचवलेलं, सगळं आठवडाभर बंद. मग या." रोगी हिरमुसून जात. सासूबाईंच्या गुडघ्यांचे लेपसुद्धा बुवांनी असेच थांबवले होते. "औषध द्यायचं सोडून आहे ते काढून घेतो, हा कसला वैद्य!" असं सासूबाई सुनेला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणत.

आता डिकीविषयी. घरची गाडी जुनी, पण लाडकी. खराब रस्त्यावर तिची डिकी खडखडू लागली होती, आणि गावाबाहेरच्या पुलापलीकडचा रस्ता, म्हणजे हेमांगीच्या माहेरचाच, फारच खराब होता. नवऱ्याने, शंतनूने, बिजागऱ्यांत तेल सोडलं. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, डिकीच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. सासूबाईंनी आत गोधडी कोंबली. प्रत्येक उपायाने दोन दिवस बरं वाटे. मग आवाज नव्या जागेवरून आल्यासारखा वाटे, आणि आणखी काहीतरी आत जाई. शेवटी डिकी लावताना तिच्यावर बसावं लागे. हे सगळं चालू असताना पुढच्या दोन जागा ठरलेल्या होत्या: शंतनू चालवायला आणि शेजारी गुडघ्यांमुळे सासूबाई. मागे हेमांगी, डिकीला पाठ लावून.

गुरुवारी वैद्यबुवा सासूबाईंचे गुडघे पाहायला घरी आले. अंगणात शंतनू आणखी एक चादर घडी करून आत बसवत होता.

"बुवा, आता हिचीच नाडी बघा," अण्णा म्हणाले. "माणसांना तुमच्या हाताचा गुण येतो. गाडीला येतो का बघू."

बुवा हसले. "उघड रे डिकी. आणि आतलं सगळं बाहेर काढ."

"सगळं?"

"सगळं. ती ट्यूबसुद्धा."

"बुवा, एवढं आहे म्हणून तर थोडं कमी वाजतंय!" शंतनू कळवळला. पण वडीलधाऱ्या माणसापुढे वाद काय घालणार. गोधडी निघाली, चादर निघाली, पुठ्ठे निघाले. तळाशी एक उशी सापडली.

"अगोबाई, माझी उशी!" ओट्यावरून सासूबाई ओरडल्या. "घरभर शोधतेय मी! अहो, हे तुमचंच काम!"

अण्णा तातडीने तुळशीला पाणी घालायला गेले.

बुवांनी हेमांगीलाही गाडीत बोलावलं, तिच्याशेजारी मागे बसले आणि शंतनूला पुलापलीकडे गाडी घ्यायला सांगितलं. खराब पट्टा सुरू झाला आणि डिकीने असा थयथयाट मांडला की वाटेवरच्या म्हशींनी माना वळवल्या. शंतनूचे कान लाल झाले. "वाढलंच की हो हे!"

"वाढू दे. तू चालव." बुवांनी डोळे मिटले नाहीत की कान टवकारले नाहीत. ते हेमांगीकडे पाहू लागले. "तू सांग गं. तू रोज इथे बसतेस."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "डावीकडून येतो. गाडी खड्ड्यात जाते तेव्हा नाही, वर येते तेव्हा. झाकण त्या बाजूने उडतं आणि परत आपटतं."

शंतनूने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "हे तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हा सगळ्यांचे उपाय चालू होते," ती म्हणाली. "मध्येच कसं बोलायचं?"

गाडी कडेला थांबली. "मला गाडीतलं काही कळत नाही," बुवा म्हणाले. "पण डाव्या अंगाला दुखत असेल तर मी उजवं अंगही पाहतो. दोन्हीकडे सारखं आहे का बघ." शंतनू वाकला. झाकण मिटल्यावर ज्यांच्यावर टेकतं, त्या दोन रबरी गुंड्या कडेला होत्या. उजवी वर होती, डावी फिरत फिरत आत गेली होती. त्याने ती हाताने पिळून उजवीच्या बरोबरीने बाहेर काढली. झाकण मिटलं ते धप्प असा भरीव आवाज करून. परतीच्या वाटेवर त्याच खड्ड्यांतून गाडी आली, आणि प्रथमच इंजिनाचा आवाज ऐकू आला.

"पण बुवा, आधी सगळं काढायला का लावलंत?" शंतनूने विचारलं.

बुवा म्हणाले, "अरे, पहिली गोधडी तुम्ही तुमच्या कानांसाठी घातलीत. कानांना बरं वाटलं, म्हणून दुसरी घातलीत. दुःख दबलं की त्याचा ठावठिकाणा हरवतो. मग वैद्य रोगाला शोधत नाही, आपल्याच औषधांत चाचपडत राहतो. म्हणून मी आधी औषधं काढतो. त्रास वाढतो खरा, पण तो कुठे आहे ते सांगू लागतो."

मग ते हेमांगीकडे वळले. त्यांचा स्वर मऊ होता. "पण याला दुसरी बाजू आहे, बाळ. रोगी गप्प बसला, तर वैद्याला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज बहुधा वैद्याच्या सोयीचाच असतो. त्यात वैद्य दुष्ट नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं."

आपल्या गप्प राहण्याला हेमांगी आजवर चांगला स्वभाव म्हणत आली होती. त्या क्षणी तिला ते गप्प राहणं म्हणजे एक नीट घडी घातलेली, स्वच्छ धुतलेली गोधडीच वाटलं.

रात्री पानं मांडली. सासूबाई खुशीत होत्या. उशी मिळाली होती, गाडीही नीट झाली होती. आमटी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "अनायासे रविवार मोकळाच आहे. गाडीही गुणी झालीय. कुलदैवताला जाऊन येऊ या सगळे."

"उत्तम!" अण्णा म्हणाले. शंतनूनेही मान हलवली. सगळं ठरलं होतं, आणि ते प्रेमानेच ठरलं होतं.

हेमांगीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "आई, रविवारी मला ताईच्या डोहाळजेवणाला जायचंय."

सासूबाईंची पळी हवेतच राहिली. "अगं, मग जाऊ की! आता काय, गाडी वाजत नाही."

तिला मनापासून हसू आलं. सगळ्यांकडे पाहत ती म्हणाली, "वाजत असती, तरी जायचं होतं मला."