भुरी चुकचुकली

त्या भिंतीवर एकच दिवा होता आणि तो कधी विझत नसे. तेल कोण घालतं हे कुणी पाहिलं नव्हतं. तेल संपत आलं की ज्योत फडफडे, आणि थोड्या वेळानं पुन्हा स्थिर होई. ती भिंत हेच राज्य होतं, आणि त्या राज्यात सगळ्या पाली राहत. दिव्याच्या कोनाड्यातल्या पाली जाड, गुळगुळीत आणि शांत स्वभावाच्या होत्या, कारण किडे आपण होऊन त्यांच्या तोंडाशी येत. खूप खाली, जिथं भिंतीला ओल धरली होती, तिथं एक लांब फट होती. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. फटीतल्या पालींना ते कुणी शिकवावं लागलं नाही.

राज्याचा कायदा एकच, आणि तो फार जुना. एकीनं काही म्हटलं आणि दुसरी त्यावर चुकचुकली, की म्हटलेलं खरं ठरे. मग ऐकणाऱ्यांनी पुढची बोटं भिंतीवर दोनदा टेकवायची आणि 'खरं' म्हणायचं. आपल्याच बोलण्यावर आपणच चुकचुकलं तर ते धरत नसत. एवढी लाज त्या राज्याला होती. कोनाड्यातून राज्य चालवणाऱ्या थोरलीनं या कामासाठी चार पाली पोसून ठेवल्या होत्या. थोरली म्हणे, "भिंतीवर आज कुणी उपाशी नाही." पोसलेल्या पाली चुकचुकत. आणि खाली पोट पाठीला लागलेल्या पालीही बोटं टेकवून 'खरं' म्हणत, कारण कायदा म्हणजे कायदा.

फटीत खपली आणि भुरी या दोघी मैत्रिणी राहत. खपलीच्या पाठीवर जुन्या चाव्याचा व्रण होता आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. भुरी फिकट आणि अबोल. फटीच्या तोंडाशी एका खिळ्याला पत्र्याचा डबा कुणीतरी टांगून विसरून गेलं होतं. भुरी त्या डब्यावर शेपटीनं ताल धरी, आणि त्या तालावर खपली एकेक ओळ फेकी.

"किडा येतो अंधारातून,
जातो दिव्याच्या पोटात.
अंधार सगळा आमच्या वाट्याला,
मग किडा कसा तुमच्या ओठात?"

ओळी संपल्या की भुरी चुकचुके: दोन तुटक, एक लांब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फटीतल्या पाली घाबरून गेल्या. कायद्यानं ते खरं ठरलं होतं. कुणी सांगितलं नसताना त्यांची बोटं भिंतीला टेकली, आणि आपण काय केलं हे कळल्यावर त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू नसलीस तर माझं बोलणं वाऱ्यावरच की गं," खपली एकदा म्हणाली.

"मग माझ्यासारखी चुकचुक," भुरी म्हणाली. "आवाज ओळखीन. असंल तिथनं येते मी."

खपलीनं तो आवाज काढून पाहिला. तो इतका बेंगरूळ निघाला की दोघी हसून हसून डब्यावरून घसरल्या.

बघता बघता अर्धी भिंत त्या डब्याभोवती जमू लागली. वरच्या घरांतल्या तरुण पालीही चोरून येत आणि ओळी पाठ करून परत जात. तोंडात किडा आणि ओठांवर किड्याचं गाणं, असं कोनाड्यात सर्रास दिसू लागलं. थोरलीला आधी हसू आलं. मग आपल्या पोसलेल्या पालींना खालची पिल्लंसुद्धा हसतात हे तिच्या कानावर आलं, आणि तिचं हसू थांबलं.

थोरलीच्या पहारेकरणींनी भुरीला पकडून कोनाड्यात आणलं. शेपटीवर पाय पडताच भुरीनं पालींचा उपजत उपाय केला. शेपटी तिथंच सोडून ती निसटली. ती कुठं गेली हे कुणी पाहिलं नाही, कारण कोनाड्याच्या कट्ट्यावर शेपटी एकटी नाचत होती आणि तो ताल डब्यावरचाच होता. थोरली सगळ्यांत जास्त वेळ बघत बसली.

"नाचते," ती म्हणाली, "आणि बोलत नाही."

पोसलेल्या पाली सवयीनं चुकचुकल्या. या खेपेला ते खरंही होतं.

पुढं फटीत निरोप आला. फट राज्याला शोभत नाही, ती लिंपून घ्यावी असं वर चाललंय. पण भुरी दर सणाला कोनाड्यात येऊन एक शेपटी देईल तर लिंपणं थांबेल. फटीत तेव्हा अंडी होती. पालीची अंडी भिंतीलाच चिकटलेली असतात, उचलायला गेलं की फुटतात. फटीतून पाली हाकलता आल्या असत्या, अंड्यांना जायला वाट नव्हती.

"शेपटीच तर मागतायत," भुरी म्हणाली. "परत फुटती."

"फुटती. पर पयल्यावानी ताल धरती का?"

"अंडी वाचतील, खपले."

खपलीला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "जा. पर त्यांच्या बोलण्यावर चुकचुकू नगंस."

"न्हाई चुकचुकायची. मेले तरी."

भुरी वर गेली ती तिथंच राहिली. सणाला ती शेपटी टाके, गर्दी कट्ट्याभोवती दाटे, आणि नाच संपला की पाली खुशीत घरी जात. दर वेळी नवी शेपटी आधीपेक्षा आखूड आणि गुळगुळीत फुटे. किडे भुरीच्या तोंडाशीही येऊ लागले. पालीला पापण्या नसतात, त्यामुळे ते सगळं तिला बघतच गिळावं लागे. खाली खपली ओळी म्हणत राहिली, पण त्यांच्यावर चुकचुकायला कुणी धजावेना. हळूहळू ती डबा सोडून फटीच्या आत, अंड्यांशीच बोलू लागली.

आणि मग, शेपट्या वेळच्या वेळी पोचत असतानाही, कुंभारणी आल्या. या मातीची घरटी बांधणाऱ्या माश्या. जिवंत जीव मातीत बंद करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पहारेकरणींनी फटीतल्या पाली बाहेर हुसकल्या. खपली तेवढी निघाली नाही. "अंडी हायत," एवढंच ती आतून म्हणाली. कुंभारणी ओल्या मातीचे गोळे आणत राहिल्या आणि फटीचं तोंड बुजत गेलं.

थोरलीला आता एकच काम उरलं होतं. आत कुणी नाही हे खरं ठरवून घ्यायचं. पण पोसलेल्या पालींनी तोंड उघडताच खालून हशा उठला. बेघर झालेल्यांतली चिंधी नावाची म्हातारी पाल पुढं आली.

"ह्यांचं नगं," ती म्हणाली. "भुरीला चुकचुकू दे. तिनं आम्हाला कदी फशिवलं न्हाई. ती चुकचुकली तर बोटं टेकवू. ज्योत फडफडून थिरावस्तवर ती गप ऱ्हायली, तर माती वली हाय तवर नखांनी काढतो."

एवढ्या डोळ्यांदेखत नाही म्हणणं थोरलीला जमलं नाही. भुरी कट्ट्यावर उभी राहिली. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तिला जन्मापासून येत होतं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

"भिंतीच्या आत कुणीही नाही," थोरली म्हणाली.

भुरीनं जबडा घट्ट मिटला. भिंतीवर कुणी हललं नाही. ज्योत फडफडू लागली. खाली चिंधीनं नखं बाहेर काढली, तिच्या मागच्या पालींनीही काढली, आणि ज्योत आता थिरावणार तोच आवाज आला. दोन तुटक, एक लांब.

मातीच्या आत शब्द पोचत नव्हते. बाहेर काय विचारलंय, कुणाच्या गप्प राहण्यावर काय अवलंबून आहे, यातलं खपलीला काही ठाऊक नव्हतं. तिच्यापुरता फक्त अंधार झाला होता आणि श्वास कमी पडत होता, म्हणून भुरीनं सांगून ठेवल्याप्रमाणे तिनं हाक मारली. इतक्या दिवसांत तो आवाज तिला अगदी हुबेहूब साधला होता.

भिंतीतून आलेला आवाज कुठून आला ते कळत नाही. सगळ्यांनी भुरीकडे पाहिलं, कारण तो आवाज तिचाच होता. थोरली तिच्या शेजारी उभी होती. भुरीचा गळा हलला नाही हे तिनं पाहिलं होतं. सगळ्यांत आधी तिनंच बोटं टेकवली.

"मी न्हाई," भुरी म्हणाली. "आत खपली हाय. ती हाक मारतीया मला."

तिनं खरं सांगितलं होतं, आणि त्यावर चुकचुकायला दुसरं कुणीतरी हवं होतं. स्वतः चुकचुकून उपयोग नव्हता. तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ज्यांना डब्यावरच्या ओळी पाठ होत्या त्यांच्याकडे पाहिलं. खाली चिंधीनं नखं आत घेतली होती. त्या आवाजानं तिला आजवर कधी फसवलं नव्हतं. तिनं दोन बोटं ओल्या मातीवर टेकवली आणि जड आवाजात म्हणाली, "खरं."

मग साऱ्या भिंतीवर टकटक सुरू झाली. एकीचं ऐकून दुसरी, तिचं ऐकून तिसरी. आतून पुन्हा हाक आली, या वेळी टकटकीच्या तालावर, कुणीतरी ओ दिल्यावर माणूस पुन्हा बोलावतो तशी. बाहेर ती कुणाला ऐकू आली नाही. भुरीच्या तळपायांना मात्र ती लागली.

ती खाली झेपावली. पहारेकरणींचा अजून हातही लागला नव्हता, पण भीतीनं तिची शेपटी आपोआप सुटून कट्ट्यावर पडली आणि नाचू लागली. दोन तुटके झटके, एक लांब. थांबायची, आणि पुन्हा दोन तुटके, एक लांब. भिंतभरच्या पाली वर धावल्या. चिंधीही बाकीच्यांच्या मागून चढली. कट्ट्याभोवती अशी गर्दी दाटली की भुरीला पलीकडे जायला फट सापडेना. खाली कुंभारणी मातीवरची बोटांची खूण पुसून गुळगुळीत करत होत्या.

इतकी सुंदर ती आजवर कधी नाचली नव्हती, असं थोरली म्हणाली. त्यावर पोसलेल्या पाली चुकचुकल्या, आणि गिलाव्याकडे पाठ करून बसलेल्या सगळ्यांनी बोटं टेकवली.