यीस्टच्या अंगावरचा वण

“पण माझ्यात कमी काय आहे, भंते?”

विहाराच्या दवाखान्यात भंते शीलरत्न मायक्रोस्कोपवर वाकले होते. भिक्खू होण्याआधी ते रक्त तपासायचे. ती सवय सुटली नव्हती.

प्राध्यापक केळुसकर शिष्य व्हायला आले होते. भंते काल नाही म्हणाले होते. आजही तेच उत्तर आलं, तर दुपारच्या गाडीने परत जायचं होतं.

“पाली येतं. त्रिपिटक वाचलंय. व्यसन नाही, कुणाशी वाकडं नाही. बोट ठेवायला एक जागा दाखवा.”

“तीच सापडत नाहीये, सर,” भंते म्हणाले. “या, हे बघा.”

केळुसकर वाकले. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे गुळगुळीत, गोल दाणे. त्यांच्यामधून रक्तातली एक पांढरी पेशी सरकत होती.

“तिला डोळे नाहीत,” भंते म्हणाले. “अंगभर बारीक चिमटे आहेत. त्यांनी चाचपते. यीस्टच्या भिंतीत एक साखर असते, तेवढीच या चिमट्यांत बसते.”

“मग त्या दाण्याला चाटून पुढे का गेली?”

“साखरेवर दुसरा थर आहे. छान, गुळगुळीत.”

पेशी आणखी एका दाण्यापाशी आली. थबकली. तिची कड दोन्ही बाजूंनी वर चढू लागली... अगदी सावकाश. कडा मिळाल्या. दाणा आत गेला.



“आईने लेकराला पदरात घ्यावं तसं घेतलं हिने,” केळुसकर म्हणाले. “इथे काय सापडलं तिला?”

“वण. यीस्टच्या अंगाला कोंब फुटतो, तीच तिची लेक. ती वाढते, सुटून जाते. सुटते तिथे वरचा थर नसतो, साखर उघडी राहते.”

“आणि आत गेलेल्या दाण्याचं काय होतं?”

“उरत नाही.”

“...म्हणजे मेलाच की.”



केळुसकरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, तो आवाज थांबला.

“माझी मुलगी बोलत नाही माझ्याशी,” ते खाली बघतच म्हणाले. “फोन उचलत नाही. कुणाशी वाकडं नाही म्हणालो ना मघाशी... ते खरं नाही.”

भंतेंनी त्यांच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला.

“तुम्हाला कुठून धरायचं, ते आता कळलं.”