कांदळवाडीचा ठिपका

“…आणि एका ठिपक्यासाठी अख्खा आलेख कोण अडवून ठेवतं, सर?”

शाल्मली हसत विचारत होती. मांडीवर लॅपटॉप उघडा. समोर झोपाळ्यावर धुरी सर.

सरांनी खाडीकाठच्या कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं होतं. शाल्मली तोरसकर ही त्यांची सर्वांत तल्लख विद्यार्थिनी. एम.एस्सी.ला ती विद्यापीठात पहिली आली, तेव्हा ती संशोधनच करणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिने मात्र डेटा ॲनालिसिस शिकून घेतलं आणि पुण्यातल्या एका संस्थेत नोकरी धरली. सरांना तोंड दाखवायचा तिला धीर होत नव्हता. आज ती पहिलं मोठं काम घेऊन आली होती.

काम रुग्णवाहिकांचं होतं. कुठल्या गावातून फोन आला, रुग्ण दवाखान्यात किती वेळाने पोचला, असा तालुक्याचा सगळा डेटा तिने चाळला होता. गाव दवाखान्यापासून जितकं लांब तितका वेळ जास्त. प्रत्येक गावाचा एक ठिपका, आणि सगळे ठिपके एका सरळ रेघेजवळ.

एक सोडून.

कांदळवाडी रस्त्याने सर्वांत लांब, पण तिथले रुग्ण पोचत होते लवकर. ती नोंद चुकीची असणार, असं ठरवून शाल्मलीने ती काढून टाकली होती. त्या रेघेवरून आता, लांबच्या गावांचा वेळ वाचावा म्हणून, खाडीच्या धक्क्यावर उभी असणारी रुग्णवाहिका हायवेकडे हलवायचं घाटत होतं. तिचे साहेब खूश होते.

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून आलेख पाहिला.

“वर्गात तुझं प्रमेय खोटं पाडणारं एक उदाहरण निघालं, तर काय टाकून द्यायचीस?”

“प्रमेय.”

“आणि इथे?”

“…उदाहरण.” मग ती जरा चिडूनच म्हणाली, “पण हे गणित नाही, सर. इथे माहितीत चुका असतातच. मी गणितातून बाहेर पडले, याचं तुम्हाला वाईट वाटतंय का?”

सरांनी झोपाळा थांबवला. खुंटीवरची टोपी घेतली, पायांत चपला सरकवल्या.

“चल.”

ती त्यांच्यामागून धक्क्यावर आली. कांदळवाडीला जाणाऱ्या होडीत दोघं बसली. शेजारी माशांची रिकामी टोपली घेऊन एक बाई बसली होती. ऊन कललं होतं, वारा बरा होता. शाल्मली ऑफिसातल्या गमतीजमती सांगू लागली. सर ऐकत होते.

खाडीच्या मध्यावर आल्यावर तिने सहज मागे वळून पाहिलं.

धक्क्यावर, उंडीच्या झाडाखाली, पांढरी रुग्णवाहिका उभी होती.

ती बोलायची थांबली…

मग तिने पुढे पाहिलं. कांदळवाडीची कौलं दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर. रस्ता मात्र सगळ्या खाडीला वळसा घालून, पुलावरून जात होता. तिने आलेखात धरलेलं अंतर रस्त्याचं होतं.

“मावशी,” तिने शेजारच्या बाईला विचारलं, “वाडीत कुणी आजारी पडलं तर कसं नेता?”

“असंच. होडीत घालून. गाडी धक्क्यावर थांबते. माझ्या सुनेला गेल्या पावसाळ्यात असंच नेलं.”

“आणि?”

“मुलगी झाली,” बाई म्हणाली. तिचा चेहरा फुलला. “तुम्ही वाडीतच चाललाय ना? बघून जा.”

त्यांनी ती मुलगी पाहिली. भिंतीला धरून उभी राहत होती, आणि अनोळखी माणसं बघून मटकन खाली बसत होती. शाल्मलीने तिला उचलून घेतलं. आजीने दोघांना कोरा चहा दिला. निघताना शाल्मलीने अंगणातूनच साहेबांना फोन लावला आणि आपण कुठे चुकलो ते सांगितलं. साहेब आधी वैतागले, मग खाडी किती रुंद आहे ते विचारू लागले. पुढे महिन्याभराने निर्णय झाला, आणि रुग्णवाहिका धक्क्यावरच राहिली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी परतताना होडीत ती दोघंच होती. शाल्मली शांत होती. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी नीट सुटल्यासारखं वाटत होतं. तरी एक सल होताच.

“सर, वाडीचा ठिपका परत घातला की रेघ सरळ राहणार नाही. इतकी सुंदर बसली होती…”

सरांनी हात पाण्यात सोडला होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले,

“रेघ वाकवता येते, शाल्मली. खाडी सरळ करता येत नाही.”